स्वयंपूर्ण कुटुंबाची मर्यादा : कांजूरच्या मिठागरांच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

‘पूर्वी आमच्या घरी मिठाखेरीज काही विकत आणावे लागत नसे,’ हे वाक्य महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यातील वृद्धांच्या तोंडी हमखास ऐकू येते. धान्य शेतातले, भाजी परसातली, दूध गोठ्यातले, सरपण रानातले; बाजाराचा संबंध काय तो मिठापुरता. कुटुंबाच्या स्वयंपूर्णतेची ही कल्पना आपल्या सामाजिक स्मृतीत इतकी खोलवर रुजली आहे की, तिची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. अलीकडे या कल्पनेस नवे रूप प्राप्त झाले आहे. छतावर सौरपट्ट्या, गच्चीत भाजीपाला, पावसाच्या पाण्याची टाकी आणि शहराबाहेर जमिनीचा एखादा तुकडा, एवढ्या सामग्रीवर एका कुटुंबाला वीजमंडळ, नगरपालिका व बाजारपेठ यांच्यापासून मुक्त होता येईल, असे अनेकांस वाटते. २०२० साली टाळेबंदीच्या काळात किराणा दुकानांसमोर लागलेल्या रांगा आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा एकाच वेळी खंडित झालेला वीजपुरवठा, या दोन अनुभवांनंतर ही ओढ वाढली असल्यास त्यात नवल नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे, आणि त्यासाठी कांजूर हे गाव मुद्दाम निवडले आहे. आज मध्य रेल्वेवरील कांजूरमार्ग स्थानकामुळे परिचित असलेला हा परिसर साष्टी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ठाण्याच्या खाडीकाठी वसलेला आहे. येथे मीठ दारातच पिकत होते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या वाक्यातील एकमेव अपवादही येथील कुटुंबास लागू होण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात पूर्णपणे स्वयंपूर्ण कुटुंब कोठे असू शकले असते, तर ते येथे. तसे ते होते काय? नसेल तर का नव्हते?

डोंगर, खाजण आणि बांध

साष्टीच्या पूर्व भागाची रचना पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेल्यास चटकन ध्यानात येते. पश्चिमेस पवई-विहारच्या डोंगररांगा व त्यांवरील जंगल, त्यांच्या पायथ्याशी भाताची शेते, पुढे भरतीचे पाणी जेथवर येते ती खाजण जमीन, आणि शेवटी तिवरांची राई व खाडी. अवघ्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात सरपण, गवत, भात, मीठ व मासळी या पाचही गोष्टी उपलब्ध होत्या. ताडामाडांची जोड होतीच. निसर्गाने एका कुटुंबाच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून हा पट्टा आखला असावा, असे वाटावे इतकी ही रचना सोयीची आहे.

तथापि, या पट्ट्यातील सर्वांत मोलाची जी जमीन, म्हणजे खाजण, ती निसर्गाने दिलेली नव्हती; ती माणसाने खाडीकडून हिसकावून घेतलेली होती. बांध घालून भरतीचे पाणी अडवावे, पावसाच्या पाण्याने दोन-चार वर्षे माती धुऊन निघू द्यावी, मग तेथे खाऱ्या जमिनीत तग धरणारा तांबडा भात घ्यावा, किंवा याच्या उलट पाणी उघाडीतून आत घेऊन मीठ पिकवावे, असे या जमिनीचे दोन उपयोग होते. दोहोंचाही प्राण बांधात होता. चिखल, दगड व पेंढा यांनी रचलेला हा बांध दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करावा लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्यास एका जागी खांड पडली तरी केवळ त्या शेतकऱ्याचेच नव्हे, तर बांधाआडच्या सर्वांचेच शेत खारे होत असे. एका उधाणाचे नुकसान पुढची काही वर्षे भोगावे लागे.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ‘शिलोत्री’ नावाची जी धारापद्धती होती, तिचा उगम या गरजेत आहे. ज्याने समुद्र अडवून जमीन तयार केली त्याचा तीवर कायमचा हक्क, आणि त्या हक्कासोबत बाहेरील बांध राखण्याची जबाबदारी, असे तिचे स्वरूप होते. महसूलविषयक साहित्यात शिलोत्रीची चर्चा बहुधा मालकीहक्काचा एक प्रकार म्हणून होते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. एकटे कुटुंब खाजण कसू शकत नाही, ही गोष्ट या पद्धतीने कायद्याच्या भाषेत मान्य केली होती. कांजूरच्या शेतकऱ्याचे घर कितीही कष्टाळू असो, त्याच्या ताटातला भात शेजाऱ्याने आपल्या हिश्श्याचा बांध राखला की नाही यावर अवलंबून होता.

शिवाय काही वस्तू या पट्ट्यात नव्हत्याच. कोकणच्या पावसात कापूस होत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरील कुटुंबाचे कापड नेहमीच बाहेरून आले. नांगराचा फाळ, कोयता, विळा यांचे लोखंड बाहेरून आले. तंबाखू, डाळी, मिरची यांचीही तीच गत. घाटावरच्या खेड्याला मीठ विकत घ्यावे लागे, तर किनाऱ्यावरच्या खेड्याला मीठ विकून इतर सारे घ्यावे लागे. वंजारी-लमाणांचे तांडे कोकणातून मीठ घेऊन घाट चढत आणि उतरताना धान्य आणत. नाणेघाट, बोरघाट, थळघाट या वाटांवरील ही ये-जा लक्षात घेता, घाटावरचे ‘मिठाखेरीज सर्व’ आणि कोकणातले ‘मीठ’ या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मिठाचा हिशेब

मिठागरातील काम पावसाळा सरला की सुरू होई. प्रथम बांधांची डागडुजी, मग वाफ्यांचा तळ तुडवून घट्ट करणे, नंतर भरतीचे पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने दाट करणे, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागले की ते लाकडी फावड्याने ओढून राशी घालणे. ज्येष्ठातला पहिला पाऊस येईपर्यंत हे चाले. आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दावरून आले असे मानले जाते. मीठ पिकवण्यास भांडवल म्हणावे असे फार लागत नाही. लागते ते ऊन, खारे पाणी, सपाट जमीन व अंगमेहनत. या अर्थाने मीठ ही घरी निर्माण करण्यास अत्यंत योग्य अशी वस्तू आहे.

येथेच राज्यसंस्थेचा प्रवेश होतो. १८३७ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती रद्द केल्या आणि त्यांची भरपाई म्हणून इलाख्यात तयार होणाऱ्या मिठावर मणामागे आठ आणे कर बसवला. हा कर पुढे टप्प्याटप्प्याने वाढत १८८८ साली मणामागे अडीच रुपयांवर गेला. मीठ तयार करण्याचा खर्च मणामागे काही आण्यांचाच असल्याने कर हा मूळ किमतीच्या अनेक पट झाला. कर बुडू नये म्हणून मग उत्पादनावर पहारा आला. १८७३ चा आणि त्यानंतर १८९० चा मुंबईचा मीठ कायदा यांनी परवान्यावाचून मीठ तयार करणे आणि परवान्यावाचून ते आगराबाहेर नेणे हे गुन्हे ठरवले. लहान, विखुरलेल्या आगरांवर पहारा ठेवणे परवडत नसल्याने अशी अनेक आगरे बंद करण्यात आली व उत्पादन मोठ्या आगरांत एकवटले. कांजूर-भांडुप परिसरातील मिठागरांची आर्थर, जेनकिन्स ही नावे त्या काळातील सत्तासंबंधांची साक्ष देतात. मीठ ओढणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही आगराला मिळालेले नाही.

या कायद्यांचा अर्थ एका कुटुंबाच्या पातळीवर काय होता, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. माणशी वर्षाला सहा किलो मीठ धरल्यास पाच माणसांच्या घरास तीस किलो मीठ लागते. त्या काळचा सरकारी मण सुमारे ३७.३ किलोंचा, म्हणजे साधारण ०.८ मण. अडीच रुपये दराने त्यावरील कर सुमारे दोन रुपये होतो. शेतमजुराची रोजची मजुरी तीन-चार आणे धरली तर केवळ मिठाच्या करापायी वर्षातील आठ ते दहा दिवसांची मजुरी खर्ची पडत होती. गुराढोरांना लागणारे मीठ, मासळी खारवण्यासाठी लागणारे मीठ यांचा समावेश या हिशेबात केलेला नाही. तो केल्यास आकडा बराच वाढेल.

आगरावर दिवसभर मीठ ओढणारा माणूस संध्याकाळी घरच्या आमटीसाठी त्यातले मूठभर उचलू शकत नव्हता. खडकाच्या खळग्यात उन्हाने आपोआप धरलेले मीठ खरवडणेही कायद्याच्या कक्षेत आले. ‘मिठाखेरीज काही विकत आणावे लागत नसे’ या वाक्यातील मिठाचा अपवाद घाटावर भूगोलाने निर्माण केला होता. कांजूरमध्ये तो कायद्याने निर्माण केला. हा फरक महत्त्वाचा आहे. भूगोलाने आलेले परावलंबन देवाणघेवाणीने सुटते. कायद्याने आलेल्या परावलंबनासाठी रोख पैसा लागतो, आणि रोख पैशासाठी घराबाहेर मजुरी करावी लागते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. दांडीच्या पाठोपाठ मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रह्यांचे लोंढे चालून गेले, विलेपार्ल्याला छावणी उभी राहिली. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या घटनांचे वर्णन प्रतीकात्मक म्हणून केले जाते. परंतु ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठासंबंधी जी सवलत मिळाली, ती अगदी व्यवहारी होती : मिठाची उपलब्धता असलेल्या भागालगतच्या गावांतील रहिवाशांना घरगुती वापरासाठी व गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करता अथवा तयार करता येईल, गावाबाहेर मात्र ते विकता येणार नाही. सरकारने कर सोडला नाही. फक्त कुटुंबाची व गावाची स्वतःपुरती गरज करापासून वेगळी मान्य केली. सुमारे शतकभराच्या कालखंडात कुटुंबाच्या स्वयंपूर्णतेला राज्यसंस्थेने एका कलमात का होईना दिलेली ही दुर्मिळ मान्यता होय. मीठकर पूर्णपणे रद्द झाला तो १९४७ साली.

राब आणि माडी

मिठाच्या कायद्याचा विचार एकट्याने करता येत नाही. १८७८ या एकाच वर्षी भारतीय वन कायदा आणि मुंबईचा अबकारी कायदा असे दोन कायदे झाले. ठाणे-कुलाब्यातील भातशेती राबावर अवलंबून होती. राब म्हणजे झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागी पसरून पेरणीपूर्वी जाळणे. म्हणजे खाली शेतात भात पिकण्यासाठी वर डोंगरावरील झाडांची फांदी तोडण्याचा हक्क असणे आवश्यक होते. वन कायद्यानंतर या हक्कावर निर्बंध आले, त्याविरुद्ध ठाणे जिल्ह्यातून मोठी ओरड झाली, आणि सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्या आयोगापुढील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता. अबकारी कायद्याने ताडामाडाचा रस काढण्यावर झाडागणिक कर व परवाना लादला, आणि भंडारी समाजाच्या पिढीजात व्यवसायाची नाळ घरापासून तोडून ठेकेदाराशी जोडली.

डोंगर, झाड व खाडी हे तिन्ही आधार अशा रीतीने एका पिढीच्या आत सरकारी नियंत्रणाखाली गेले. कुटुंबाच्या ताब्यात राहिले ते शेत, आणि त्यावर सारा होताच.

गावगाड्याचा आधार

येथे एक आक्षेप संभवतो. ब्रिटिश कायद्यांपूर्वी तरी कुटुंब स्वयंपूर्ण होते असे म्हणता येईल काय? चार्ल्स मेटकाफ याने १८३० साली हिंदुस्थानातील खेड्यांचे वर्णन आपल्या गरजा आपणच भागवणारी छोटी प्रजासत्ताके असे केले, आणि पुढे शंभर वर्षे ते वर्णन साम्राज्यवादी व राष्ट्रवादी अशा दोन्ही गोटांत आवडीने वापरले गेले. परंतु मेटकाफही गावाविषयी बोलत होता, कुटुंबाविषयी नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात कुणब्याच्या घराभोवतीचे जे जग उभे केले आहे, त्यात सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, मांग, महार यांच्यावाचून कुणब्याचे पान हलत नाही. नांगर शेतकऱ्याचा, पण तो घडवणारा हात दुसऱ्याचा. आत्रे हे काही या व्यवस्थेचे भाबडे स्तुतिपाठक नव्हते. तिच्यातील ओढाताण व ऐतखाऊपणा त्यांनी निःसंकोचपणे दाखवला आहे.

या परस्परावलंबनातील विषमता नजरेआड करता येत नाही. महार वतनदाराने चोवीस तास गावाच्या हाकेला ओ द्यावी, मेलेली गुरे ओढावीत, सारा पोहोचवावा, वाटाड्या व्हावे, आणि मोबदल्यात बलुते व तुटपुंजी वतनी जमीन घ्यावी, अशी ती रचना होती. ज्या घराला ‘आम्हाला काही विकत आणावे लागत नसे’ असे म्हणता येत होते, त्या घरासाठी कोणीतरी विनामोल अथवा अल्पमोलाने राबत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मेटकाफच्या वर्णनाचा दाखला घेऊनच ग्रामस्तुतीचा जो कठोर समाचार घेतला, त्यामागे हा अनुभव उभा आहे. गावची कनिष्ठ वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ साली आला, तोपर्यंत हे चालू राहिले.

जमिनीचा आधार तरी कितपत होता? पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. तिच्यातील आकडे प्रत्येक इतिहासाभ्यासकाने पाठ करावेत असे आहेत. १७७१ साली या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१४-१५ साली ते ७ एकरांवर आले. पाहणीतील १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीच्या उत्पन्नावर आपल्या गरजा भागवू शकणारी कुटुंबे ८ निघाली. बाहेरच्या मजुरीची जोड देऊन भागवू शकणारी २८. आणि एवढे करूनही ज्यांचे भागत नव्हते अशी ६७. पिंपळे सौदागर हे घाटावरचे गाव, त्याचे निष्कर्ष साष्टीस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही स्वयंपूर्ण कुटुंब शंभरात आठ, ही गोष्ट त्या ‘पूर्वी’च्या आठवणींवर प्रखर उजेड टाकते. आठवणी सांगावयास जी घराणी उरतात ती बहुधा त्या आठांतलीच असतात.

चरी : सहा वर्षे

कुटुंबांनी बाजार व जमीनदार यांच्याशी संबंध तोडून प्रत्यक्षात किती काळ काढला, याचे आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण उपलब्ध आहे. मुंबईच्या बंदरापलीकडे, अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली परिसरातील पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. या गावांतील बहुसंख्य शेतकरी आगरी कुळे होती, जमिनी खारेपाटातील होत्या, बांधही तसेच होते. कांजूरच्या शेतकऱ्याचे हे सर्वार्थाने भाऊबंद होत. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला.

सहा वर्षे भात न पिकवता भाताच्या मुलुखातील कुटुंबे जगली कशी? त्यांनी रानातले सरपण तोडून विकले, करवंदे विकली, खाडीत मासे-खेकडे धरले, मिळेल तेथे मजुरी केली. उपासमार झाली, कर्ज झाले, गुरे विकावी लागली. येथे दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. पहिली अशी की, या कुटुंबांना तारले ते त्यांच्या खाजगी मालकीच्या कोणत्याही गोष्टीने नव्हे. रान व खाडी या सामाईक गोष्टींनी तारले. दुसरी अशी की, एकट्या कुटुंबाने हे केले असते तर खोताने त्याची जमीन दुसऱ्या कुळाला देऊन विषय संपवला असता. पंचवीस गावांनी एकत्र केले म्हणून ते टिकले. डॉ. आंबेडकरांनी संपास पाठिंबा दिला, १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३९ साली कुळ कायदा अस्तित्वात आला.

चरीच्या तीन वर्षे आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, याच कुलाबा जिल्ह्यातील उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ सत्याग्रही हुतात्मा झाले होते. मिठागर व रान या दोहोंच्या मधोमध राहणाऱ्या लोकांनी एकाच वर्षी दोहोंसाठी सत्याग्रह केला, यात योगायोगाचा भाग फारसा नाही.

पवनार आणि दहा गुंठे

चरीच्या शेतकऱ्यांवर ही वेळ परिस्थितीने आली होती. जाणीवपूर्वक केलेले प्रयोग मात्र याहून वेगळे आहेत, आणि त्यांतील दोन महाराष्ट्रातले आहेत.

आचार्य विनोबा भावे यांनी १९५० साली पवनारच्या परंधाम आश्रमात ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग आरंभला. पैशाचा वापर टाळावयाचा, अन्न व वस्त्र स्वतःच्या श्रमाने निर्माण करावयाचे, आणि शेतीत बैलही न वापरता मनुष्यबळावरच अवलंबून राहावयाचे, अशी त्याची रूपरेषा होती. या शेतीस ‘ऋषिशेती’ हे नाव मिळाले. पाण्यासाठी विहीर खणली गेली व माणसांनी फिरवलेल्या रहाटाने पाणी काढले गेले. मार्च १९५१ मध्ये विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला. चरित्रकारांना भूदानापुढे पवनारची ही वर्ष-सव्वा वर्षाची साधना दुय्यम वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग करणारा माणूस अखेर जमीन मागावयास बाहेर पडला, हा क्रम अर्थपूर्ण आहे. रहाट कितीही जणांनी फिरवला तरी ज्याच्यापाशी जमीनच नाही त्यास कांचनमुक्तीचा उपयोग काय, हा प्रश्न आश्रमाच्या कुंपणात सुटणारा नव्हता. शिवाय आश्रम हे व्रतस्थ प्रौढांचे सहजीवन होते. त्यात तान्ही मुले, बाळंतीण, अंथरुणास खिळलेली सासू यांचा भार नव्हता. कुटुंबाची खरी परीक्षा तेथे होते.

दुसरा प्रयोग श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवार’ उभारला आणि पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, उत्तम प्रकारे जगू शकते असा सिद्धान्त मांडला. सूर्यप्रकाशाचा पानागणिक हिशेब, काडीकचऱ्यापासून माती तयार करणे, पाण्याचा मोजका वापर ही त्यांची साधने होती. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांच्या विचाराचे नावच बोलके आहे. दाभोळकरांच्या मांडणीकडे पुष्कळ लोक एकांड्या कुटुंबाची पाककृती म्हणून पाहतात. वस्तुतः त्यांनी संघटनेस नाव दिले ते ‘परिवार’ असे. शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर जाऊन अनुभव पडताळावा, ही त्यांच्या पद्धतीची पहिली अट होती. द्राक्ष बागायतदारांनी तिचा लाभ घेतला तो बाजारासाठी पीक काढूनच.

आजचे कांजूरमार्ग

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. कांजूरमार्गच्या पुनर्वसन इमारतीतील तीनशे चौरस फुटांच्या घराच्या हे छत्तीस पट आहे. त्या घराला स्वतःचे छत असते असे धरले, तर मुंबईच्या वर्षाच्या सुमारे २,३०० मिलिमीटर पावसातून त्यावर ६४,००० लिटरच्या आसपास पाणी पडेल. माणशी दररोज १३५ लिटर या प्रचलित प्रमाणाने पाच माणसांना वर्षाला जवळपास २,४६,००० लिटर लागते. म्हणजे थेंबन् थेंब साठवला तरी गरजेच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी. आणि बहुमजली इमारतीत तेच छत अनेक घरांत वाटले जाते. मुंबई महापालिकेने २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला, तोही घरागणिक नव्हे, इमारतीगणिक. साष्टीतील विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई हे तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले तेव्हापासूनच या डोंगरावरच्या पावसाने पायथ्याच्या गावाऐवजी दूरच्या शहराचा रस्ता धरला होता.

विजेची स्थिती यापेक्षा विलक्षण आहे. मोठ्या प्रमाणावर बसवल्या जाणाऱ्या सौरपट्ट्या वीजजाळ्याला जोडलेल्या असतात. दिवसा वाढीव वीज जाळ्यात सोडावयाची व रात्री परत घ्यावयाची, असा हिशेब महाराष्ट्रात २०१५ च्या विनियमांनी रूढ झाला. अशा व्यवस्थेत बॅटरी नसेल तर जाळ्यातील वीज गेल्याबरोबर, दुरुस्ती करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून, घरची सौरयंत्रणाही आपोआप बंद पडते. छतावर ऊन असताना घरात अंधार, अशी ही अवस्था मिठागरात उभे राहून मीठ विकत घेणाऱ्या आगऱ्याची आठवण करून देते. याच कांजूरमार्गच्या क्रॉम्प्टन कारखान्यात अनेक दशके वीजजाळ्याचे रोहित्र घडत होते. आता त्या जागी निवासी मनोरे आहेत.

जुन्या घरातून बाहेर टाकण्यासारखे फारसे काही निघत नसे. शेण व राख शेतात जाई, उष्टे गुरांपुढे, फुटके मडके वळचणीला. आज मुंबईच्या दैनंदिन कचऱ्याचा मोठा भाग कांजूरच्या खाडीकाठच्या क्षेपणभूमीवर येतो. ज्या खाजणातून एकेकाळी इतरांच्या ताटात मीठ जात होते, तेथे आता इतरांच्या ताटातले उरलेले येते. स्वयंपूर्णतेचा हिशेब मांडताना आपण काय आणतो एवढेच सहसा मोजले जाते, काय बाहेर टाकतो ते मोजले जात नाही.

मुंबई महानगरात मिठागरांखालील जमीन पाच हजार एकरांहून अधिक आहे आणि तिची मालकी प्रामुख्याने केंद्र सरकारकडे आहे. २०२४ साली राज्य शासनाने धारावी पुनर्विकासातील भाडेतत्त्वावरील घरांसाठी यांपैकी २५५.९ एकर जमीन घेण्याचे ठरवले. तीत आर्थर मिठागराची कांजूर येथील १२०.५ एकर, जेनकिन्स मिठागराची कांजूर-भांडुप येथील ७६.९ एकर आणि मुलुंडच्या जामास्प मिठागराची ५८.५ एकर जमीन आहे. या जमिनी भरतीच्या पातळीलगतच्या आहेत. पावसाचे व उधाणाचे पाणी एकाच वेळी आले की ते काही काळ साठवून धरण्याचे काम त्या करत आल्या आहेत. शिलोत्री पद्धतीत बांधाआडच्या प्रत्येक घराला आपला बांधाचा वाटा ठाऊक होता आणि तो न राखल्यास कोणाचे शेत बुडेल हेही ठाऊक होते. नव्या इमारतींत येणाऱ्या कुटुंबांना पाणी भांडुपहून, वीज जाळ्यातून, धान्य शिधावाटप दुकानातून व मीठ पुडीतून मिळेल. खाडीकडचा बांध मात्र तेव्हाही कोणाला तरी राखावा लागेल.